झाड पाडणे आणि झाड उतरविणे : नांदेड–लातूर परिसरातील वृक्षकामासाठी नकलबूम क्रेनची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत रस्त्याकडेच्या व संस्थांच्या आवारांतील मोठ्या वृक्षांचा प्रश्न दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऐरणीवर येतो. वळवाच्या पावसापूर्वी सुटणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यात गुलमोहर, पेल्टोफोरम, निलगिरी, विलायती शिरीष असे वृक्ष उन्मळून पडतात, किंवा त्यांच्या फांद्या तुटून वीजतारांवर, वाहनांवर आणि प्रसंगी माणसांवर कोसळतात. त्यानंतर कुऱ्हाड, दोर आणि चेनसॉ घेऊन मजुरांची टोळी येते. एक जण झाडावर चढतो, खालचे तिघे-चौघे दोर ताणून धरतात आणि फांदी मोकळ्या बाजूला पडेल या भरवशावर घाव घातले जातात. शेताच्या बांधावर ही पद्धत बऱ्यापैकी चालते. शहरात मात्र मोकळी बाजू शिल्लकच राहिलेली नसते. एकीकडे घर, दुसरीकडे महावितरणची ११ केव्हीची वाहिनी आणि तिसरीकडे अखंड रहदारी असते. अशा ठिकाणी फांदीचा अंदाज चुकला तर त्याची किंमत बहुधा झाडावर चढलेला मजूरच मोजतो.

या पार्श्वभूमीवर ट्रकवर बसविलेल्या नकलबूम क्रेनचा वृक्षकामासाठी होणारा उपयोग प्रस्तुत लेखात विवेचनासाठी घेतला आहे. सदर यंत्राचे महत्त्व केवळ काम लवकर उरकण्यात आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अपुरा आहे. या यंत्रामुळे झाड पाडावे लागत नाही, ते तुकड्या-तुकड्याने उतरविता येते. आणि ज्याअर्थी एखादीच वाळलेली फांदी अलगद उतरविता येते, त्याअर्थी पुष्कळदा मूळ झाड राखताही येते. ज्या लातूर जिल्ह्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, तेथे ही बाब गौण मानता येणार नाही. मात्र ही उपयुक्तता काही अटींवर अवलंबून आहे. त्या अटी यंत्राच्या माहितीपुस्तकापेक्षा मराठवाड्याची माती, येथील गल्ल्या आणि येथील कामाचे करार यांच्याशी अधिक निगडित आहेत.

यंत्राची रचना

'नकल' म्हणजे बोटाचा सांधा. खांद्यातून, कोपरातून आणि मनगटातून हात जसा घडी होतो, तसा या क्रेनचा बाहू दोन मुख्य भागांत दुमडतो. बाहेरच्या भागातून एकात एक बसविलेल्या पोलादी नळ्या द्रवदाबाच्या बळावर पुढे सरकतात व पोहोच वाढवितात. काम संपताच संपूर्ण बाहू ट्रकच्या केबिनमागे घडी होऊन बसतो आणि मागील हौद्यात लाकूड भरता येते. ट्रकच्याच इंजिनावर चालणाऱ्या पंपाकडून या बाहूस शक्ती मिळते. ही कल्पना स्वीडनमधील हुडिक्सवाल या गावी विकसित झाली. बर्फावर घसरण्याच्या स्की बनविणारे एरिक सुंडिन यांनी १९४४ मध्ये तेथे 'हियाब' ही कंपनी स्थापन केली. लाकडाचे ओंडके ट्रकवर चढविणे हे त्या प्रदेशातील नित्याचे काम होते. वृक्षकाम हा या यंत्राच्या मूळ स्वभावाशी जुळणाराच उपयोग आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

नांदेड–लातूर परिसरात क्रेन म्हटले की डोळ्यांसमोर येते ती 'हायड्रा'. औद्योगिक वसाहतीत, पुलाच्या कामावर, अपघातग्रस्त ट्रक उचलताना ती सर्वत्र दिसते आणि पडलेले झाड हलविण्यासाठीही बहुधा तिलाच बोलावले जाते. हायड्रा भार उचलून चालत जाण्यासाठी बनविलेली आहे. ती चाकांवरच उभी राहते, तिचा बाहू सरळ असतो आणि भार साखळीने वा पट्ट्याने लोंबकळत राहतो. जमिनीवर पडलेला ओंडका उचलण्यास ती उत्तम होय. उभ्या झाडाची फांदी कापताना मात्र भार एकाएकी बाहूवर येतो, झोके घेतो आणि चाकांवर उभे असलेले यंत्र डळमळते. नकलबूम क्रेन याउलट चार आधारपाय जमिनीवर रोवून उभी राहते. या आधारपायांना कामगार 'जॅक' म्हणतात. तिचा दुमडणारा बाहू कंपाउंडच्या भिंतीवरून आत उतरू शकतो, फांद्यांच्या जाळीतून वाट काढू शकतो आणि तारांच्या खालून आडवाही जाऊ शकतो.

बाहूच्या टोकाशी काय जोडले आहे यावर कामाची पद्धत ठरते. नुसता आकडा असल्यास झाडावर चढलेला कसबी कामगार फांदीस पट्टा बांधतो, सुरक्षित जागी सरकतो व मग फांदी कापतो. पंजा आणि करवत एकत्र असलेले जोडसाधन असल्यास पंजा फांदीस घट्ट धरतो, त्याच्याच तळाशी असलेली साखळी-करवत ती कापते आणि झाडावर माणूस चढविण्याची आवश्यकताच उरत नाही. साखर कारखान्याच्या आवारात उसाची मोळी उचलणारी क्रेन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व अपरिचित वाटणार नाही. फरक इतकाच की उसाच्या मोळीचे वजन साधारण ठाऊक असते, फांदीचे नसते.

वजनाचे गणित

झाड पाडताना त्याचे वजन ठाऊक असण्याची फारशी गरज भासत नाही. उतरविताना मात्र घाव घालण्यापूर्वीच ते ठाऊक असावे लागते. पारंपरिक पद्धत आणि क्रेनची पद्धत यांतील सर्वांत मोठा भेद हाच आहे, आणि नवशिक्या ठेकेदाराच्या तो सहसा लक्षात येत नाही.

क्रेनची क्षमता नुसत्या टनांत सांगणे दिशाभूल करणारे असते. ती टन-मीटरमध्ये, म्हणजे वजन गुणिले अंतर अशी पाहावी लागते. २० टन-मीटर क्षमतेची क्रेन सैद्धांतिकदृष्ट्या ४ मीटर अंतरावर ५ टन, १० मीटरवर २ टन आणि १६ मीटरवर केवळ सव्वा टन उचलू शकते. बाहूचे स्वतःचे वजन लक्षात घेता प्रत्यक्ष आकडे याहून कमी भरतात. ते यंत्रासोबतच्या भारतक्त्यात दिलेले असतात. जोडसाधनाचे वजनही याच हिशेबातून वजा होते, ही गोष्ट विसरली जाते. विलायती शिरीषाचा विस्तार २० मीटरहून अधिक असू शकतो. त्याच्या एका अंगास ट्रक उभा केला असता दुसऱ्या अंगाची फांदी नेमकी त्या अंतरावर असते, जेथे क्रेन सर्वांत दुबळी असते. अशा वेळी ट्रकची जागा बदलणे किंवा तुकडे लहान करणे हेच दोन मार्ग राहतात.

आता फांदीचे वजन कसे काढावयाचे? ओंडका दंडगोल मानून त्याचे घनफळ काढता येते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ३ मीटर लांबीच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे ०.८५ घनमीटर भरते. हिरव्या लाकडाचे वजन ढोबळमानाने तेवढ्याच पाण्याइतके धरल्यास तो तुकडा सुमारे ८५० किलो होतो. व्यास ९० सेंटिमीटर झाला की त्याच लांबीचा तुकडा १,९०० किलोच्या घरात जातो. व्यास दीडपट होताच वजन सव्वादोनपट होते; डोळ्यांना हा फरक तितका जाणवत नाही. पाण्याचे परिमाण सर्व झाडांस सारखे लागू पडत नाही. हिरवी चिंच आणि बाभूळ पाण्याहून जड भरतात, तर वडाचे लाकूड त्यामानाने हलके असते. वाळलेले झाड हलके म्हणून सोपे, हाही एक गोड गैरसमज आहे. वाळवीने किंवा बुरशीने पोखरलेली फांदी पट्ट्याच्या ताणानेच मधोमध मोडू शकते. तेथे वजनाचा नव्हे तर धरून ठेवण्याचा प्रश्न असतो.

दुसरा मुद्दा झटक्याचा. भार बाहूवर हळूवार येणे आणि थोडे अंतर पडून येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखादा तुकडा ३० सेंटिमीटर खाली घसरला आणि पट्टा व बाहू मिळून १० सेंटिमीटर ताणून त्यास थांबवू शकले, तर त्या क्षणी येणारे सरासरी बळ तुकड्याच्या वजनाच्या चौपट असते. ५०० किलोची फांदी क्षणभर २ टनांची होते. यास्तव कापण्यापूर्वी पट्टा फांदीच्या अंदाजित वजनाइतका ताणून घेतात, जेणेकरून करवत आरपार जाताच फांदी जागच्या जागी तरंगत राहावी. ताण कमी पडला तर झटका बसतो. तो अधिक झाला तर फांदी सुटताच वर उसळते आणि झाडावर कामगार असल्यास थेट त्याच्या अंगावर येऊ शकते. यंत्रचालक आणि कापणारा यांच्यात इशाऱ्यांची एकवाक्यता लागते ती याचसाठी. क्रेनच्या कामावरील जुने खलाशी भार खाली सोडताना 'आरिया' असा पुकारा करतात. जहाजावरील पोर्तुगीज बोलीतून आलेला हा शब्द चेनसॉच्या आवाजात ऐकू जात नाही, म्हणून हाताच्या खुणाच ठरवून घेणे श्रेयस्कर.

काळी माती, हौद आणि गल्ल्या

परदेशी माहितीपुस्तकांत आधारपायाखाली 'टणक व सपाट जमीन' असावी एवढेच वाक्य आढळते. मराठवाड्यात या एका वाक्यापाशीच खरी अडचण सुरू होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी शोषून फुगते. ओली झाली की तिची भार पेलण्याची शक्ती मोठ्या प्रमाणात घटते. झाडे पडतात ती नेमकी पहिल्या पावसात, म्हणजे माती वरून मऊ आणि आतून भेगाळलेली असताना.

येथे थोडा हिशेब उपयुक्त ठरेल. बाहू एका बाजूस पूर्ण लांबविला असता त्या बाजूच्या एकाच आधारपायावर समजा १० टन भार आला. त्या पायाची पोलादी तबकडी ३० सेंटिमीटर चौरस असेल, तर जमिनीवरील दाब दर चौरस मीटरला सुमारे १११ टन होतो. डांबरी रस्त्याखाली चांगले खडीकरण असल्यास तो सहन होईलही. रस्त्याकडेच्या मातीच्या पट्ट्यात पाय रुतणार हे निश्चित. तोच पाय १ मीटर चौरसाच्या जाड लाकडी फळ्यांच्या जाळीवर ठेवल्यास दाब दर चौरस मीटरला १० टनांवर येतो. ओल्या काळ्या मातीसाठी हाही आकडा काठावरचा आहे, त्यामुळे फळ्यांखाली मुरूम टाकून घेणे किंवा माती वाळेपर्यंत थांबणे उचित. रेल्वेचे जुने स्लीपर अथवा जाड फळ्या ट्रकसोबत ठेवणे हा खर्च नगण्य आहे. तो वाचविण्याच्या नादात लाखो रुपयांचे यंत्र कलंडण्याचा धोका पत्करला जातो.

याहून अधिक धोकादायक आहे ती डोळ्यांस न दिसणारी पोकळी. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वश्रुत आहे. नळाला अनेक दिवसांच्या खंडाने पाणी येण्याची सवय झालेल्या या शहरात घरासमोर जमिनीखाली हौद बांधण्याची पद्धत रूढ झाली. वरून फरशी, खाली पोकळी आणि शेजारी झाड, अशी रचना अनेक वसाहतींत असते. शोषखड्डे आणि स्लॅब टाकून बुजविलेल्या नाल्या यांचीही तीच गत. ट्रक उभा करण्यापूर्वी घरमालकास हौद कोठे आहे हे विचारणे, हा या भागापुरता तरी कामाचा पहिला टप्पा मानावयास हवा.

झाडे का पडतात याचे उत्तरही पुष्कळदा जमिनीखालीच असते. सिमेंट रस्ता थेट बुंध्यापर्यंत नेणे, गटारासाठी वा केबलसाठी चर खोदताना एका बाजूची मुळे तोडणे, खोडाभोवती ओटा बांधून माती दडपणे, या कृत्यांचे परिणाम चार-सहा वर्षांनी वादळात दिसतात आणि दोष वाऱ्यास दिला जातो. ज्या बाजूची मुळे तुटली आहेत, तिच्या विरुद्ध बाजूस झाड कलते. क्रेनची जागा ठरविताना ही बाजू टाळावयाची असते.

गल्ल्यांचा विचार केल्यास यंत्राच्या मर्यादा लगेच स्पष्ट होतात. आधारपाय पूर्ण पसरण्यास क्षमतेनुसार साधारण ४ ते ६ मीटर रुंदी लागते. नांदेडच्या इतवारा व गाडीपुरा भागात किंवा लातूरच्या गंजगोलाईस मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी गजबजलेल्या रस्त्यांवर दिवसा ती मिळणे दुरापास्त आहे. एका बाजूचे पाय अर्धेच पसरून काम भागविण्याचा मोह तेथे होतो, आणि अपघाताचे मूळ बहुधा त्याच मोहात असते. अशा ठिकाणी दोर आणि कसबी चढणारा माणूस यांस आजही पर्याय नाही. मात्र त्याच्या कमरेला सुरक्षापट्टा आणि डोक्यावर शिरस्त्राण असणे, याला यंत्राच्या अभावाची सबब चालत नाही.

वीजवाहिनी

पोलादी बाहू हा उत्तम वाहक आहे. ११ केव्हीच्या तारेस त्याने स्पर्श करावाच लागतो असे नाही. पुरेसा जवळ आला तरी ठिणगी अंतर ओलांडते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांत ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून क्रेन किमान १० फूट दूर ठेवण्याचा दंडक आहे. नांदेड–लातूरच्या रस्त्यांवर एवढे अंतर क्वचितच मिळते, तस्मात वाहिनी बंद करून घेणे हाच मार्ग उरतो. याबाबत तोंडी फोन पुरेसा मानू नये. महावितरणच्या संबंधित कार्यालयाकडून रीतसर परवानगी, वाहिनी बंद झाल्याची खातरजमा आणि कामाच्या दोन्ही बाजूंस अर्थिंग, या तिन्ही गोष्टी आवश्यक होत. शेजारच्या दुकानातील जनित्र चुकीच्या जोडणीमुळे बंद तारेत उलटा प्रवाह सोडू शकते. अर्थिंगचा आग्रह त्यासाठीच आहे.

परवानगी आणि जबाबदारी

नागरी भागात 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' लागू होतो. १९९७ मध्ये स्थापन झालेली नांदेड–वाघाळा महानगरपालिका आणि २०११ मध्ये महानगरपालिका झालेले लातूर या दोन्ही शहरांत वृक्षतोडीची परवानगी याच अधिनियमाखाली येते. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्ष ही संज्ञा दिली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांचे कडुनिंबाचे झाड तोडावयाचे तर साठ रोपे लावावी व जगवावी लागतात. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या शहरात साठ रोपे जगविणे आणि एक वाळकी फांदी क्रेनने उतरविणे, यांपैकी सोपे काय याचा हिशेब महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी व आवार समित्यांनी करून पाहण्याजोगा आहे. झाड धोकादायक ठरवून समूळ तोडण्याचे प्रस्ताव येतात, तेव्हा त्यामागे अनेकदा 'वर पोहोचता येत नाही' एवढेच कारण असते.

क्रेनच्या तपासणीची बाजू मात्र ढिली राहिली. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने कारखान्यातील उचल-यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची केली होती. तीच क्रेन रस्त्यावर झाड उतरविण्यास आली की तिचे तपासणी-प्रमाणपत्र कोणी मागत नाही. काम देणाऱ्या संस्थेने कार्यादेशातच भारतक्ता, यंत्राचे व पट्ट्यांचे तपासणी-प्रमाणपत्र आणि कामगारांचा विमा यांची मागणी नोंदविली, तर हा प्रश्न कायद्याची वाट न पाहताही बऱ्याच अंशी सुटतो.

लाकडाच्या बदल्यात काम

या भागात झाड तोडण्याचा मोबदला पुष्कळदा रोख दिला जात नाही. ठेकेदार लाकूड घेऊन जातो आणि हिशेब मिटतो. संस्थेस हा व्यवहार फुकटात पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे काय कापावयाचे याचा निर्णय लाकडाच्या भावाकडे जातो. वखारीत किंमत येईल असा जाड, निरोगी बुंधा ठेकेदारास हवा असतो. वाळलेली, पोखरलेली, म्हणजे खरोखर धोकादायक असलेली फांदी त्याच्या दृष्टीने निव्वळ जोखीम असते. अशा करारात नकलबूम क्रेन आणली, तर तेच यंत्र उलट परिणाम घडविते. अखंड ओंडके उतरविता येत असल्याने लाकडाची किंमत वाढते आणि तोडीचा वेगही. नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ सारख्या रुंदीकरणाच्या कामांत रस्त्याकडेची सावली किती झपाट्याने नाहीशी होते, हे या परिसरास नव्याने सांगावयास नको. यास्तव क्रेनचे भाडे तासावर किंवा दिवसावर रोखीने द्यावे, लाकूड संस्थेच्या ताब्यात ठेवून त्याचा स्वतंत्र लिलाव करावा आणि कोणती फांदी कोठे कापावयाची हे वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने झाडावर रंगाची खूण करून आधीच ठरवावे. हे काम महाविद्यालयातील संबंधित विभागास सहज करता येण्यासारखे आहे. मे महिन्यात प्राध्यापक सुटीवर असतात, ही अडचण खरी. परंतु खुणा फेब्रुवारीत पानगळीच्या वेळी, फांद्यांचा सांगाडा उघडा दिसत असताना करणे अधिक सोयीचे असते. त्या काळात माती कोरडी व टणक असते आणि यंत्रही सहज उपलब्ध असते. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्यांवर बगळ्यांची व वंचकांची घरटी असतात, तीही त्यामुळे वाचतात.

खोड उतरल्यानंतर जमिनीत राहिलेला बुंधा उपटण्यासाठी हीच क्रेन वापरण्याची प्रथा दिसते. ती सर्वथा टाळावी. ओंडक्याचे वजन काढता येते, परंतु मातीने आणि मुळांनी धरलेल्या बुंध्याचा विरोध मोजता येत नाही. बाहू ताणला जातो आणि एखादे मूळ अवचित तुटताच संपूर्ण यंत्र झटक्याने मागे येते. बुंध्याभोवतीची माती जेसीबीने काढावी, बाजूची मुळे तोडून तो मोकळा करावा आणि मगच आवश्यक तर क्रेनने उचलावा. शेजारी जलवाहिनी अथवा जिवंत झाडाची मुळे असल्यास बुंधा जमिनीलगत कापून तेथेच कुजू देणे अधिक योग्य.